परळचे रक्तसंशोधन

मुंबईच्या परळ भागात तीन संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. पहिली हाफकिन इन्स्टिट्यूट. एके काळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर ज्या वाड्यात राहत, त्या वाड्यात १८९९ साली डॉ. वाल्देमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली आणि १९२५ पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. दुसरी संस्था म्हणजे १९२६ साली रुग्णांसाठी खुले झालेले के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. तिसरे टाटा मेमोरियल रुग्णालय; त्याचे उद्घाटन १९४१ साली झाले. परळ म्हटले की आपल्याला आठवतात त्या कापडाच्या गिरण्या, पहाटेचे भोंगे, चाळी आणि खाणावळी. पण रक्ताच्या विज्ञानाचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला या वस्तीत एकदा नव्हे, तीनदा थांबावे लागते. आणि प्रत्येक वेळी त्याला भेटतो तो प्रयोगशाळेतला पंडित एकटा नव्हे. त्याच्या समोर बाकावर बसलेला, खिशात फारसे काही नसलेला रुग्णही भेटतो.

या कथेत शिरण्यापूर्वी रक्ताविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्या अंगातील रक्त हे विहिरीतल्या साठ्यासारखे नसून झऱ्यासारखे आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि मोडते. ही झीज भरून काढण्यासाठी निरोगी माणसाच्या हाडांतील मगज, म्हणजे अस्थिमज्जा, दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार करीत असते. पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठविणाऱ्या बिंबिका यांचा हिशेब निराळाच. शरीरात इतका अखंड राबणारा कारखाना क्वचितच दुसरा असेल. साहजिकच कच्चा माल तुटला, साचा बिघडला किंवा कारागीर उन्मत्त झाला की रोग उद्भवतो. गेल्या शंभर वर्षांतील रक्तरोगांचे संशोधन हे बहुतांशी या तीन बिघाडांचे संशोधन आहे.

कच्चा माल तुटण्याचा प्रश्न प्रथम परळला सुटला. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः कष्टकरी वर्गातील स्त्रियांना, एक भयंकर रक्तक्षय होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने घटत, आकाराने मात्र अवाजवी मोठ्या होत, आणि पुष्कळदा बाळंतपणातच आई दगावे. मुंबईतील मातामृत्यूंची चौकशी डॉ. मार्गारेट बाल्फोर करीत होत्या. त्यांच्या आमंत्रणावरून विल्स आल्या आणि हाफकिनमध्ये काम करू लागल्या. आरंभी संशय जंतूवर होता. विल्स यांनी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग त्यांनी स्वयंपाकघरात पाहिले. कोणत्या घरात काय शिजते, भाजीपाला किती, फळे किती, दूध किती, याची त्यांनी नोंद केली आणि त्यांच्या ध्यानात आले की, ज्या घरांत या पदार्थांचा दुष्काळ, तेथेच या रोगाचा सुकाळ.

पुढचा भाग वाचताना थोडे हसूही येते. गरीब बायकांच्या जेवणासारखेच जेवण माकडांना देऊन विल्स यांनी त्यांच्यात तसलाच रक्तक्षय उत्पन्न केला. मग एका माकडास त्यांनी मार्माइट खाऊ घातले, आणि ते सुधारले. मार्माइट म्हणजे दारू गाळण्याच्या भट्टीतून उरलेल्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज माणूस तो पावावर लावून खातो. हाच अर्क रुग्ण स्त्रियांना दिला तेव्हा त्यांचे रक्त काही दिवसांतच भरून येऊ लागले. १९३१ साली विल्स यांचा यावरील निबंध प्रसिद्ध झाला. यकृताचा अर्कही गुणकारी होता, पण तो महाग. यीस्टचा अर्क स्वस्त होता आणि ज्यांना तो द्यावयाचा त्यांच्या पदरी पैसा नव्हता, ही बाब विल्स यांच्या विचारात आरंभापासून होती. मला तर या साऱ्या शोधातील ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. यीस्टमधील या अज्ञात द्रव्याला पुष्कळ वर्षे ‘विल्स फॅक्टर’ असेच म्हणत. पुढे ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले, त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले, आणि अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्या चमूने ते कृत्रिम रीतीने बनविले त्याचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

येथून कथेला एक विलक्षण वळण मिळते. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर हे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांवर उपचार करीत. फॉलिक ॲसिडने मगजाला बळ येते, तर ते या मुलांनाही द्यावे, असे त्यांना वाटले. परिणाम उलटा झाला. रोग अधिकच फोफावल्यासारखा दिसला. त्यातून फार्बर यांनी उलटा निष्कर्ष काढला : ज्याने रोग वाढतो, ते तोडले तर रोग उपाशी मरेल. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी पण त्याचे काम अडविणारी द्रव्ये तयार केली. १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांपैकी दहा मुलांत तात्पुरता उतार पडल्याचे जाहीर केले. ल्युकेमियाने शरणागती पत्करण्याची ती पहिली वेळ होती. परळच्या माकडाने चाटलेला यीस्ट आणि बोस्टनच्या मुलांचे औषध यांच्यामध्ये अंतर अवघे सतरा वर्षांचे.

त्याच १९३१ साली, त्याच रोगाने, सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई परदेशात वारल्या. रक्ताच्या कर्करोगापुढे टाटांची संपत्तीही दुबळी ठरली. पुढल्या वर्षी दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ ल्युकेमियाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला. काही महिन्यांत तेही गेले. दहा वर्षांच्या आत टाटांच्या विश्वस्तांनी परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे केले. त्या रुग्णालयाकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

मध्यंतरी समोरच्या के. ई. एम.मध्ये एक निराळाच शोध लागला होता. डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना असे रक्त आढळले की जे कोणत्याही गटात बसेना. चाचणीत ते ‘ओ’ गटाचे भासे. परंतु ‘ओ’ गटाचे रक्त त्याच्याशी मिसळले की गुठळ्या होत. ‘ओ’ हा तर सर्वांना चालणारा गट म्हणून प्रसिद्ध! लंडनमधील रक्तगटांचे मान्यवर अभ्यासक रेस व सँगर, तसेच मॉर्गन व वॉटकिन्स यांच्या सहकार्याने कोडे उलगडले. ‘ए’ आणि ‘बी’ ही जी चिन्हे तांबड्या पेशीवर असतात ती ‘एच’ नावाच्या एका पायावर उभी असतात. ‘ओ’ गटाच्या माणसात पाया असतो, इमला नसतो. या लोकांत पायाच नव्हता. १९५२ च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘बॉम्बे ब्लड ग्रूप’ हे नाव रूढ झाले. शहराचे नाव पुढे बदलले, रक्तगटाचे बदलले नाही. मुंबईकडे सुमारे दहा हजारांत एकाचे रक्त असे असते. त्याला केवळ आपल्यासारख्याच माणसाचे रक्त चालते. १९५७ साली परळलाच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे रक्तगटांचे संदर्भ केंद्र निघाले. आज ते राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था म्हणून के. ई. एम.च्या आवारात काम करते.

भेंड्यांच्या शोधाने एक गोष्ट मनावर ठसविली : दुसऱ्याचे रक्त शरीरात घेणे ही साधी गोष्ट नाही, शरीर आपले आणि परके यांत काटेकोर भेद करते. मग रक्ताचा अख्खा कारखानाच दुसऱ्याकडून घ्यावयाचा म्हटले तर?

हा विचार सुचला तो अणुबाँबमुळे. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे जे तत्काळ मेले नाहीत त्यांतील पुष्कळजण पुढच्या आठवड्यांत रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होऊन मेले, कारण किरणोत्सर्गाने त्यांचा मगज जाळून टाकला होता. प्रयोगशाळेतील उंदरांवर तसाच मारा करून मग निरोगी उंदराचा मगज टोचला तर ते जगतात, असे १९५० च्या सुमारास दिसून आले. पण मगजातील नेमके काय त्यांना जगविते? याचे उत्तर कॅनडातील टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्‌लॉक यांनी १९६१ साली दिले. मगज टोचलेल्या उंदरांच्या प्लीहेवर दहा-बारा दिवसांनी बारीक गाठी उमटत. या जोडीने त्या मोजल्या आणि त्यांच्या ध्यानात आले की, प्रत्येक गाठ ही एकाच पेशीची प्रजा आहे. त्या एका पेशीतून तांबड्या, पांढऱ्या, सगळ्या जातीच्या पेशी निपजल्या आहेत. हीच मूलपेशी. इंग्रजीतला ‘स्टेम सेल’ हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे; मला मात्र ‘मूलपेशी’ हा शब्द अधिक भावतो, कारण वडाच्या एका बीजात अख्खा वड असतो, तशीच ती आहे.

डॉक्टर मंडळी टिल-मॅक्‌लॉक यांची वाट पाहत थांबली नव्हती. डॉ. डॉनल टॉमस यांनी १९५७ सालीच सहा रुग्णांना दुसऱ्याचा मगज दिल्याचे प्रसिद्ध केले होते. सहाही जण शंभर दिवसांच्या आत दगावले. पुढची दहा-बारा वर्षे ही अपयशांची मालिकाच होय. अनेकांनी हा नाद सोडला, टॉमस यांनी सोडला नाही. पेशींवरील ज्या चिन्हांवरून शरीर परक्यास ओळखते ती चिन्हे हळूहळू उमगली, आणि १९६८ साली भावंडाच्या मगजाने पहिले चिरस्थायी यश मिळाले. टॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आपल्याकडे ‘रक्ताचे नाते’ असा एक शब्दप्रयोग आहे. विज्ञानाने त्याची जी चिकित्सा केली ती मौजेची आहे. मगज जुळण्याच्या दृष्टीने आईवडीलसुद्धा निम्मेच आपले असतात. सख्ख्या भावंडाचा मगज पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. उलट रक्तगट जुळलाच पाहिजे असे नाही. भावाचा गट ‘ए’ आणि बहिणीचा ‘ओ’ असला तरी मगज देता येतो, आणि तो रुजला की बहिणीचा रक्तगट बदलून भावाचा होतो!

टाटा रुग्णालयात हे धाडस प्रथम ज्यांनी केले ते डॉ. सुरेश अडवाणी. त्यांचे कुटुंब फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेले. बालपणी पोलिओने त्यांचे पाय गेले. जन्मभर ते चाकांच्या खुर्चीतून वावरले. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवितानाही त्यांना झगडावे लागले होते. सिॲटल येथे टॉमस यांच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन ते परतले आणि २० मार्च १९८३ रोजी रक्ताच्या कर्करोगाने पीडित असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर त्यांनी भारतातील पहिले यशस्वी मगजरोपण केले. त्या दिवसांचे परळ कसे होते? गिरणी कामगारांच्या संपाला चौदा महिने लोटले होते. भोंगे थंडावले होते, चाळींतील बिऱ्हाडे गावची वाट धरू लागली होती. ज्या वस्तीतील चुली विझत होत्या त्याच वस्तीत एका बंद, निर्जंतुक खोलीत एका पोरीच्या हाडांत नवा मगज मूळ धरीत होता. इतिहास अशा दोन घटना शेजारी मांडतो, परंतु त्यांचा संबंध लावीत नाही.

संबंध आहे तो दुसऱ्याच एका गोष्टीत. मगज रोपल्यावर दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलट चाल करून जाऊ नये यासाठी जी औषधे देतात, त्यांतील एक प्रमुख औषध मेथोट्रेक्सेट होय. फॉलिक ॲसिडला अडविणाऱ्या द्रव्यांपैकीच ते एक. म्हणजे विल्स यांच्या यीस्टचा वंश फिरून परळला आला तो असा.

कर्करोग हा उन्मत्त कारागिराचा रोग. साचा बिघडण्याचे रोग निराळे. ते आईबापांकडून येतात. थॅलॅसेमिया हा त्यांतील एक. फाळणीने विस्थापित झालेल्या सिंधी, पंजाबी कुटुंबांत त्याचे वाहक पुष्कळ. त्यामुळे उल्हासनगरापासून जयपूरपर्यंत, जेथे जेथे ही मंडळी वसली तेथे तेथे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घेणारी मुले आढळतात. १९८६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅमन चांडी व सहकाऱ्यांनी अशा मुलावर मगजरोपण करून या रोगाला मुळापासून उखडता येते हे आपल्या देशात दाखविले. दुसरा रोग सिकलसेल. यात तांबडी पेशी प्राणवायू सोडताच विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि हाडांत, पोटात असह्य कळा उठतात. भारतात हे रक्त प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरी लोकांत सापडले, म्हणजे ‘बॉम्बे ग्रूप’ ज्या वर्षी जाहीर झाला त्याच वर्षी. १९५८ साली नागपूरच्या बाजूस त्याची नोंद झाली. तेव्हापासून विदर्भातील आदिवासी व दलित वस्त्यांत, आणि उत्तरेस नंदुरबारच्या भिल्ल-पावरांत हा रोग किती खोल पसरला आहे हे उघड होत गेले.

या मुलांना भावंडाचा मगज जुळला तर ठीक. चारांत तीन वेळा तो जुळत नाही. म्हणून गेल्या काही वर्षांच्या संशोधनाने निराळी वाट धरली. परक्याची मूलपेशी आणण्याऐवजी रुग्णाचीच मूलपेशी बाहेर काढावयाची, तिच्यातील जनुकाची दुरुस्ती करावयाची आणि तिला पुन्हा मगजात पेरावयाचे. सिकलसेलमध्ये यासाठी एक युक्ती वापरतात. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद पडते. हे बंद करणारी कळच कात्रीने कापली की बालपणीचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होते आणि पेशी वाकत नाही. या तत्त्वावरील पहिल्या उपचारास २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. २०२४ च्या अखेरीस वेल्लोरच्या डॉक्टरांनी हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या रोगाच्या, पाच रुग्णांच्या मूलपेशींत हरवलेले जनुक घातल्याचे आणि त्यांचे रक्तस्राव थांबल्याचे प्रसिद्ध केले. मुंबईत पवईच्या आय. आय. टी.ने व टाटा रुग्णालयाने मिळून रक्ताच्या काही कर्करोगांसाठी जो उपचार तयार केला, तो मूलपेशींचा नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा. पण त्याची रीत हीच, आपल्याच पेशीला नवे शिकवून परत पाठविण्याची. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला परवानगी मिळाली, आणि परदेशातील तशाच उपचाराच्या सुमारे दशांश खर्चात तो होऊ लागला.

खर्चाची गोष्ट निघाली आहे म्हणून सांगतो. अमेरिकेत सिकलसेलच्या त्या जनुकीय उपचाराची किंमत आहे २२ लक्ष डॉलर. हा आकडा ऐकल्यावर धडगावच्या किंवा एटापल्लीच्या बापाने काय करावे? विज्ञान श्रेष्ठ आहे यात संशय नाही. परंतु ज्यांच्या रक्ताने त्याला हा रोग शिकविला त्यांच्या दारापर्यंत ते जात नसेल तर हिशेबात कोठे तरी चूक आहे, असे मला वाटते. ही चूक ओळखली गेली आहे हे मात्र मान्य केले पाहिजे. २०२५ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एका शासकीय संशोधन संस्थेने सिकलसेलसाठी आपल्या देशात विकसित केलेला जनुक-दुरुस्तीचा उपचार जाहीर केला. बिरसा मुंडा यांचे नाव त्याला दिले आणि त्याचे तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपविण्यात आले. माकडाला मार्माइट चाटविणाऱ्या विल्स बाईंना यातली धडपड लगेच कळली असती.

दरम्यान रोजचे काम चालू आहे. परळच्या राष्ट्रीय संस्थेचे एक केंद्र चंद्रपूरला उघडले असून २०२२ च्या डिसेंबरात ते राष्ट्रास अर्पण झाले. २०२३ पासून सिकलसेलच्या निर्मूलनासाठी देशव्यापी मोहीम चालू आहे; तीत गावोगाव बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होते आणि वाहक कोण, रुग्ण कोण, याची नोंद असलेले कार्ड दिले जाते. ज्या मुलात रोग सापडतो त्याचा मगज रात्रंदिवस मोडक्या पेशींची भरपाई करीत दमलेला असतो. त्याला कच्चा माल इतरांहून अधिक लागतो. म्हणून उपकेंद्रातून त्याच्या आईच्या हाती ज्या गोळ्या पडतात त्यांत रोज घ्यावयाची एक लहानशी पिवळी गोळी असते. ती फॉलिक ॲसिडची.